ठोका पडला की गाणं बंद: गाडीच्या साउंड सिस्टिममधली वीज कुठे गळते ते कसं शोधायचं

माझ्या पहिल्या अ‍ॅम्प्लिफायरने मला दोन रविवार नाचवलं. आवाज कमी असताना सगळं ठीक. आवाज वाढवून वुफरचा जोरदार ठोका पडला की अ‍ॅम्पचा हिरवा दिवा लाल व्हायचा, गाणं दोन सेकंद गप्प, मग पुन्हा सुरू. मीटर लावला तर अ‍ॅम्पच्या टर्मिनलवर १२.५ व्होल्ट. वीज तर येतेय, म्हणजे अ‍ॅम्पच गेला, असं ठरवून मी त्याचे स्क्रू काढायला बसलो होतो. दोष निघाला एका बोल्टखाली. अर्थिंगची, म्हणजे बॉडीतून बॅटरीकडे वीज परतवणारी, वायर डिकीतल्या रंगवलेल्या पत्र्यावर आवळली होती आणि धातूला धातू टेकत होता तो फक्त बोल्टच्या आट्यांमधून. गाणं बंद असताना १२.५ दाखवणारा तोच मीटर ठोका पडताना ९.८ वर येत होता. मी मात्र प्रत्येक वेळी गाणं बंद करूनच मोजत होतो.

नवशिक्याची सगळ्यात जास्त फसगत इथेच होते. मल्टिमीटर स्वतः जवळजवळ काहीच करंट ओढत नाही. त्यामुळे एका तंतूवर लटकलेली वायरसुद्धा त्याला पूर्ण १२ व्होल्ट दाखवते. समजा, एखाद्या गंजलेल्या जोडात ०.१ ओहमचा अडथळा आहे. मीटरच्या दृष्टीने तो नसल्यातच जमा. पण तिथून ३० अँपिअर जायला लागले की ३ व्होल्ट त्या जोडातच खर्च होतात आणि अ‍ॅम्पच्या वाट्याला उरलेलं येतं. म्हणून पुढे जिथे जिथे ‘मोजा’ म्हटलंय, तिथे यंत्रणा काम करत असताना मोजा.

हाताशी काय हवं

साधा डिजिटल मल्टिमीटर चालेल. त्यात किमान-कमाल आकडा धरून ठेवायची सोय असली तर उत्तम. इंडिकेटरचा २१ वॉटचा बल्ब घ्या आणि त्याला दोन वायरी जोडून ठेवा. हा बल्ब पावणेदोन अँपिअरच्या आसपास ओढतो, त्यामुळे मीटरला फसवणारी वायर त्याला फसवू शकत नाही. बॉनेटपासून डिकीपर्यंत पोचेल एवढी बारीक वायर, सँडपेपर, पाने आणि योग्य आकड्यांचे चार-सहा फ्यूज. बस.

दोन-तीन सवयी आधी लावून घ्या. वायरी सोडताना बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल आधी काढा आणि जोडताना ते शेवटी लावा. उलटं केलंत आणि पॉझिटिव्ह सोडताना पाना बॉडीला टेकला, तर थेट शॉर्ट. मीटरची लाल पिन करंट मोजायच्या १० अँपिअरच्या भोकात राहिली असेल आणि तशीच व्होल्टेज मोजायला बॅटरीवर टेकवलीत, तर तोही शॉर्टच; मीटरच्या आतला फ्यूज तरी उडेल किंवा प्रोबची टोकं जळतील. मी दोन्ही करून बसलोय. पिवळ्या कनेक्टरच्या किंवा पिवळ्या आवरणातल्या वायरी बहुधा एअरबॅगच्या असतात, त्यांच्या वाटेला जाऊ नका. हायब्रिड किंवा इलेक्ट्रिक गाडीतल्या नारिंगी केबल हाय व्होल्टेजच्या असतात, त्यांच्यापासून तर लांबच राहा. काही कंपनी-फिटेड स्टिरिओ बॅटरी काढल्यावर कोड मागतात. तो आधी शोधून ठेवा.

सुरुवात बॅटरीपासून

गाडी काही तास उभी असू द्या आणि मग बॅटरीच्या दोन टर्मिनलवर मोजा. १२.६ च्या आसपास असेल तर बॅटरी भरलेली. १२.२ म्हणजे अर्धीच. १२ किंवा त्याखाली असेल तर साउंडचं निदान बाजूला ठेवा, आधी बॅटरी चार्ज करा. इंजिन नुकतंच बंद केलं असेल तर आकडा फुगलेला दिसतो. हेडलाइट दोन मिनिटं लावून विझवा आणि मग बघा.

आता इंजिन सुरू करा. साध्या अल्टरनेटरच्या (इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करणाऱ्या यंत्राच्या) गाडीत १३.८ ते १४.४ दिसायला हवं. नव्या गाड्यांत संगणक चार्जिंग कमी-जास्त करतो, त्यामुळे कधी साडेबारा, कधी पंधराच्या जवळ असं दिसलं तर घाबरू नका. पण साध्या गाडीत इंजिन चालू असूनही बॅटरी १२.३ वरच रेंगाळत असेल तर दोष चार्जिंगचा आहे. सेल्फ मारताना आकडा ९.६ च्याही खाली जात असेल तर बॅटरी थकलीय. टर्मिनलवर पांढरी-हिरवी भुकटी साठली असेल तर ती घासून काढा, आणि क्लॅम्प हाताने हलतो का तेही पाहा. हलायला नको.

स्टिरिओच चालू होत नसेल तर

फ्यूज किमान दोन असतात: एक गाडीच्या फ्यूजबॉक्समध्ये, दुसरा बहुतेक स्टिरिओंच्या पाठीमागे. पात्याच्या फ्यूजच्या डोक्यावर दोन बारीक धातूचे ठिपके उघडे असतात. फ्यूज न काढता मीटरचा काळा प्रोब बॉडीला लावा आणि लाल प्रोब एकेका ठिपक्याला टेकवा. एकीकडे १२ आणि दुसरीकडे शून्य, तर फ्यूज उडालाय. नुसत्या डोळ्यांवर भरवसा ठेवू नका, केसाएवढी चीर दिसत नाही. नवा बसवताना आकडा तोच हवा. रंगावरूनही कळतं: १० लाल, १५ निळा, २० पिवळा, ३० हिरवा.

फ्यूज ठीक असतील तर स्टिरिओ बाहेर ओढा. बाहेरून घेतलेल्या स्टिरिओच्या वायरींचे रंग बहुधा ठरलेले असतात. पिवळी म्हणजे कायमची वीज, लाल म्हणजे चावी फिरवल्यावर येणारी, काळी म्हणजे अर्थ, निळी-पांढरी म्हणजे अ‍ॅम्पला जागं करणारी. गाडीच्या बाजूच्या वायरींना मात्र हे रंग लागू नाहीत. तिथे रंग बघून जोडाजोडी करणं म्हणजे जुगार. बल्बची एक वायर पिवळीवर, दुसरी काळीवर लावा. लखलखीत पेटला पाहिजे. पेटलेला असतानाच मीटरने मोजा. बॅटरीपेक्षा दोन-तीन दशांशाने कमी असेल तर चालेल, व्होल्टभर कमी असेल तर वाटेत कुठेतरी जोड सैल आहे. मग बल्ब पिवळी आणि बॉडीचा उघडा धातू यांच्यात लावा. आता जास्त उजळला, तर दोष काळीचा. लालला हीच परीक्षा चावी फिरवून.

चावी काढली की घड्याळ आणि लावलेली स्टेशनं विसरणारा स्टिरिओ बिघडलेला नसतो. बहुतेक वेळा पिवळीला कायमची वीज मिळत नसते, किंवा पिवळी आणि लाल यांची अदलाबदल झालेली असते. प्रमाणित आयएसओ कनेक्टरमध्ये चौथ्या पिनवर कायमची आणि सातव्यावर चावीची वीज असते, पण काही कंपन्यांच्या गाड्यांत नेमकं उलटं. हार्नेस (वायरींची तयार जोडणी) बरोबर बसतं, स्टिरिओ वाजतोही, फक्त काही लक्षात ठेवत नाही.

सेल्फ मारताना स्टिरिओ क्षणभर बंद होणं हा दोष नाही. त्या वेळी गाडी लालची वीज तोडतेच.

अ‍ॅम्पच्या तीन वायरी

अ‍ॅम्पला जाडी पॉझिटिव्ह, जाडी अर्थ आणि बारीक रिमोट, अशा तीन वायरींवर चालू व्हायचं असतं. दिवाच लागत नसेल तर स्टिरिओ चालू ठेवून रिमोटच्या टर्मिनलवर मोजा, १२ च्या आसपास हवं. शून्य असेल तर बारीक वायरचा छोटा तुकडा अ‍ॅम्पच्या पॉझिटिव्हवरून रिमोटच्या टर्मिनलला क्षणभर टेकवा. तुकडा बॉडीला लागू देऊ नका. अ‍ॅम्प जागा झाला तर जाड वायरी बऱ्या आहेत आणि शोध रिमोट वायरीपुरताच उरतो. स्टिरिओचं हे आउटपुट अगदी नाजूक असतं, फक्त इशारा देण्यापुरतं. त्यावरच पंखे, शोभेच्या लाइटी असं काही जोडलं की ते दमतं किंवा जळतं.

रिमोटवर वीज आहे, पण जाड पॉझिटिव्हवर नाही? मग बॅटरीजवळचा मुख्य फ्यूज. तो बॅटरीपासून हातभर अंतरातच असायला हवा, कारण त्याचं काम अ‍ॅम्प वाचवणं हे नाही, पुढची सगळी वायर वाचवणं हे आहे. बॉनेटमध्ये कुठे वायर सोलली गेली तर फ्यूजच्या आधीचा तुकडा बिनधास्त पेट घेऊ शकतो. फ्यूजहोल्डरमधले छोटे स्क्रू धक्क्यांनी सैल होतात. अर्धा तास मोठ्याने वाजवल्यावर होल्डरला हात लावून बघा; चटका बसत असेल किंवा प्लास्टिक पिवळं पडलं असेल, तर गळती तिथेच आहे.

ठोका पडताना मोजणं

एवढा एकच प्रयोग करायचा असेल तर हा करा. गाणं वाजवून मीटर बघितलात तर आकडे इतके पळतात की काही कळत नाही. त्याऐवजी ५० हर्ट्झचा सलग टोन वाजवा. एकेका मापापुरते चार-पाच सेकंदच, नाहीतर वुफरची कॉइल तापते. जिथे अ‍ॅम्प गप्प होतो त्याच्या किंचित खाली आवाज ठेवा आणि दर वेळी तोच ठेवा. चार मापं घ्यायची: बॅटरीच्या दोन टर्मिनलमध्ये, अ‍ॅम्पच्या पॉझिटिव्ह आणि अर्थमध्ये, बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून अ‍ॅम्पच्या पॉझिटिव्हपर्यंत, आणि अ‍ॅम्पच्या अर्थपासून बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत. शेवटच्या दोन मापांसाठी ती लांब वायर.

माझ्या गाडीत इंजिन बंद असताना हे आकडे आले: बॅटरीवर १२.३, अ‍ॅम्पवर ९.८, पॉझिटिव्ह वायरीत ०.४, अर्थच्या बाजूला २.१. शेवटच्या तिघांची बेरीज करून बघा, १२.३ येते. ही बेरीज नेहमी जुळते. जुळली नाही तर दर वेळी आवाज सारखा नव्हता किंवा प्रोब नीट टेकला नाही. आणि आता अंदाज बांधायची गरजच उरत नाही. २.१ व्होल्ट अर्थिंगमध्ये जातायत, अ‍ॅम्पला ९.८ मिळतायत, तो स्वतःला वाचवण्यासाठी बंद होतोय. अ‍ॅम्प शहाणा होता, मूर्ख मी.

माझा हिशेब असा: पॉझिटिव्ह वायरीत अर्ध्या व्होल्टपर्यंत चालवून घ्यावं, अर्थच्या बाजूला ०.२ च्या वर गेलं की पाना काढावा. बॅटरीवरचाच आकडा कोसळत असेल तर वायरींना दोष देऊ नका.

अर्थ दुरुस्त करायची तर नीट करा. बोल्ट काढा, लगच्या (वायरीच्या टोकाच्या धातूच्या कड्याच्या) आकाराएवढा रंग खरवडून पत्रा चकचकीत करा, मध्ये दातेरी वॉशर घाला, घट्ट आवळा आणि आवळून झाल्यावर वरून रंग किंवा ग्रीस लावा म्हणजे गंजणार नाही. वायर पॉझिटिव्हएवढीच जाड आणि अर्ध्या मीटरच्या आत. सीटबेल्टचा बोल्ट हाताशी असतो म्हणून बरेच जण तोच वापरतात. वापरू नका. जिवाचा बोल्ट आहे तो, शिवाय त्याच्या आट्यांवर बऱ्याचदा चिकट लेप असतो आणि अर्थही बरा मिळत नाही. नवीन भोक पाडण्याआधी पत्र्याखाली वाकून बघा. पेट्रोलची टाकी आणि ब्रेकच्या नळ्या तिकडेच असतात.

इतकं करूनही अर्थच्या बाजूची गळती कमी झाली नाही, तर अ‍ॅम्पजवळच्या उघड्या पत्र्यापासून बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत वेगळं मोजा. बॅटरीकडून बॉडीला जाणारी मूळ पट्टी जुनी, गंजलेली असते आणि एवढ्या करंटसाठी ती कधी बनवलेलीच नसते. तिच्या जोडीला एक जाड वायर टाका. नव्या गाड्यांत निगेटिव्ह टर्मिनलवरच करंट मोजणारा सेन्सर असतो. तिथे आपली अर्थची वायर थेट टर्मिनलला न जोडता बॉडीला जोडावी, नाहीतर गाडीचा चार्जिंगचा हिशेब चुकतो.

वायर जाड आहे की फक्त आवरण जाड आहे?

अ‍ॅम्पवर ‘३००० वॉट’ लिहिलेलं असतं, त्याकडे दुर्लक्ष करा. त्याच्यावरचे फ्यूज बघा. ३० चे दोन फ्यूज म्हणजे ६० अँपिअर, गुणिले १३.८, म्हणजे ८२८ वॉट आत जातात. डी-क्लास (कमी वीज वाया घालवणारा) अ‍ॅम्प त्यातले ८० टक्के बाहेर देतो असं धरलं तरी साडेसहाशेच्या आसपास.

उलट हिशेब वायरीसाठी. खरे ५०० वॉट देणारा डी-क्लास अ‍ॅम्प ४५ अँपिअर ओढतो. पाच मीटर लांबीच्या, १६ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या वायरीत त्यामुळे पाव व्होल्ट जातो. ८ चौरस मिलिमीटरमध्ये अर्धा. ४ मध्ये जवळजवळ एक. स्वस्त किटमधल्या वायरी बऱ्याचदा वरून तांब्याचा मुलामा दिलेल्या अ‍ॅल्युमिनियमच्या असतात आणि त्याच जाडीत दीडपटीहून जास्त अडथळा करतात. ओळखायचं कसं? एक तंतू ब्लेडने खरवडा. आत चंदेरी दिसला तर अ‍ॅल्युमिनियम. वरून चंदेरी आणि आत लालसर असेल तर ते कल्हई केलेलं तांबं, ते उत्तम.

लाल दिवा हटतच नसेल

आवाज शून्यावर असतानाही अ‍ॅम्प प्रोटेक्टमध्येच (स्वतःला वाचवायला बंद) असेल तर अ‍ॅम्प बंद करून स्पीकरच्या सगळ्या वायरी काढा आणि पुन्हा चालू करा. दिवा हिरवा झाला तर वीज बरी आहे, दोष स्पीकरच्या बाजूला. अ‍ॅम्प पुन्हा बंद करून काढलेल्या वायरींवर ओहम मोजा: ४ ओहमचा स्पीकर मीटरवर साधारण साडेतीनच्या आसपास दिसतो. शून्याच्या जवळ असेल तर कुठेतरी शॉर्ट. स्पीकरच्या वायरीपासून बॉडीपर्यंत मात्र काहीच जोड दिसायला नको. दिसलं तर दाराच्या बिजागरीपाशी वायर चेपलीय का बघा. ब्रिज केलेल्या, म्हणजे दोन चॅनल जोडून एक केलेल्या, अ‍ॅम्पवर ४ ओहमचे दोन वुफर समांतर जोडून भार न झेपणारा २ ओहम केलेला असणं, हेही नेहमीचं कारण. सगळं काढूनही, नुसत्या तीन वायरींवर, लाल दिवा कायम असेल आणि व्होल्टेजही बरोबर असेल, तर आता अ‍ॅम्प आजारी आहे असं म्हणायला हरकत नाही.

फ्यूज लावला की उडतो? मोठा फ्यूज लावू नका, आणि चांदीचा कागद तर नाहीच. फ्यूजच्या जागी तो २१ वॉटचा बल्ब जोडा. शॉर्ट असेल तर बल्ब पूर्ण पेटेल, पण वायर जळणार नाही. मग वायरींचा गठ्ठा ठिकठिकाणी हलवत जा; जिथे हात लावल्यावर बल्ब मंद होतो तिथेच सोललेली वायर आहे.

हेडलाइट नाचतात, स्पीकर गुणगुणतो

ठोक्याबरोबर हेडलाइट मंद होत असतील तर ऐकीव सल्ला मिळतो की मोठा कॅपॅसिटर लाव. एक फॅरडचा कॅपॅसिटर १४ वरून १३ व्होल्टवर येताना साडेतेरा ज्यूल देतो. वरचा अ‍ॅम्प सेकंदाला सव्वासहाशे ज्यूल खातो. म्हणजे कॅपॅसिटरचा आधार सेकंदाच्या पन्नासाव्या हिश्शापुरता. अल्टरनेटर कमी पडत असेल, आणि इंजिन आयडलला असताना तो मुळातच कमी देतो, तर कॅपॅसिटर हा फक्त निळ्या दिव्याचा दागिना. आधी बॅटरी ते बॉडी, इंजिन ते बॉडी आणि अल्टरनेटर ते बॅटरी या तीन वायरी जाड करा, शेवटच्या वायरीत फ्यूज घालून. तेवढ्याने भागलं नाही तर मोठा अल्टरनेटर, किंवा थोडा कमी आवाज.

अ‍ॅक्सिलरेटर दाबल्यावर सूर चढणारी गुणगुण म्हणजे बहुधा स्टिरिओ आणि अ‍ॅम्प यांचे अर्थ एकाच पातळीवर नाहीत. अ‍ॅम्प बंद करून आरसीए (स्टिरिओकडून आवाजाचा सिग्नल आणणाऱ्या वायरी) काढा आणि पुन्हा चालू करा. गुणगुण गेली तर ती तिथूनच येत होती. स्टिरिओचा अर्थ तपासा.

गाडी उभी राहिली की बॅटरी उतरते

मीटर १० अँपिअरवर ठेवून बॅटरीचं निगेटिव्ह आणि त्याची वायर यांच्या मध्ये जोडा. दारं, बॉनेट गाडीला बंद वाटतील अशी लॅच अडकवून घ्या आणि अर्धा-पाऊण तास थांबा, कारण आतले संगणक झोपायला वेळ घेतात. मीटर जोडलेला असताना सेल्फ मारू नका, हेडलाइटही लावू नका. शेवटी ५० मिलिअँपिअरच्या आत यायला हवं. अर्धा अँपिअर दिसला तर दिवसाला १२ अँपिअर-तास जातायत. ४५ ची बॅटरी चार दिवसांची पाहुणी. अ‍ॅम्पचा मुख्य फ्यूज काढा. आकडा खाली आला तर रिमोट वायर बहुधा कुणीतरी कायमच्या विजेवर जोडून ठेवलीय. खरं तर हे मीटरशिवायही कळतं. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीची डिकी सकाळी उघडा आणि अ‍ॅम्पवर तळहात ठेवा. कोमट लागला तर तो झोपलेलाच नाही.